सोफोसबुविर-वेलपाटासविर: वापरून, तपासून, मग लिहिलेला अभिप्राय

वस्तू: सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि वेलपाटासविर १०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. मात्रा: रोज एक. मुदत: बारा आठवडे. दावा: हिपॅटायटिस-सी, म्हणजे विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार, कायमचा जातो. निकाल: गेला.

अभिप्राय इथेच थांबवला असता तरी चाललं असतं. पण माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. खात्यावर बाकी शून्य दिसली की देणं फिटलं, असं आम्ही कधी धरलं नाही. शून्य कुणी काढलं, कोणत्या तारखेला काढलं आणि पुढच्या तपासणीत ते टिकलं का, हे बघितल्याशिवाय शिक्का पडत नसे. आजार मुळापासून घालवतो म्हणणाऱ्या प्रत्येक औषधाला मी हाच नियम लावते. या गोळीलाही लावला. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी गिऱ्हाईक कोण ते सांगते. मुलीच्या जन्माच्या वेळी, १९८६ साली, मला रक्त चढवावं लागलं होतं. विषाणू त्यातूनच आला असावा असं डॉक्टरांचं मत आहे. दुसरं कारण कुणाला सापडलं नाही. रक्त तपासून का दिलं नाही म्हणून नातेवाईक अजून कधीकधी तावातावाने बोलतात. पण तपासणार काय? तेव्हा या विषाणूचा पत्ताच नव्हता. रक्त घेतलेल्या रुग्णांना नंतर होणारी एक कावीळ ना ए विषाणूची आहे ना बी विषाणूची, एवढं अमेरिकेत हार्वे आल्टर यांच्या कामातून सत्तरच्या दशकात कळलं होतं. तिला नावसुद्धा 'नॉन-ए, नॉन-बी' असंच होतं, म्हणजे काय नाही एवढंच सांगणारं. प्रत्यक्ष विषाणू हाती लागला १९८९ मध्ये, मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या. मग रक्तपेढ्यांसाठी चाचणी आली. आजार या एकट्या विषाणूमुळेच होतो हे चार्ल्स राइस यांनी पक्कं केलं १९९७ मध्ये. आल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं, तेव्हा आमच्या घरात मी एकटीच बातम्यांसमोर बसून टाळ्या वाजवत होते.

ज्यांना लागण होते त्यातल्या साधारण तीस टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो, कसलंही औषध न घेता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाकीच्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं काही बोलत नाही. मलाही वीसेक वर्षं काही कळलं नाही. साध्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत 'अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह' (म्हणजे रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत) आलं आणि शस्त्रक्रिया बाजूलाच राहिली.

तेव्हा बाजारात होतं ते औषध मी घेतलं, आणि त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय या गोळीचं मोल कळणार नाही. दर आठवड्याला पोटावर पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन, शिवाय रोज रिबाविरिनच्या गोळ्या. माझा जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा प्रकार, १, म्हणून मुदत ४८ आठवडे. या जीनोटाइपला तेव्हा यश निम्म्याच्या आसपास, किंवा त्याहून थोडं कमीच. इंजेक्शन घेतलं की त्या रात्री थंडी वाजून ताप यायचा, अंग ठेचल्यासारखं व्हायचं. रिबाविरिनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे जिना चढताना मधेच बसावं लागे. केस विंचरायची भीती वाटायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मनावर येणारा अंधार. इंटरफेरॉनने नैराश्य येतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. तरी ते आल्यावर ते औषधाचं आहे हे पटत नाही, आपलंच आहे असं वाटतं. ह्यांनी त्या वर्षात माझ्याशी एकदाही आवाज चढवला नाही, आणि मी मात्र भाजी चिरायची सुरी जागेवर नाही म्हणून तासभर रडलेली आहे.

औषध संपलं त्या दिवशीच्या तपासणीत विषाणू शून्य. सगळ्यांनी अभिनंदन केलं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, लाखांत. याला वैद्यकात रिलॅप्स म्हणतात. औषध चालू असताना विषाणू इतका दबतो की यंत्राला दिसत नाही, आणि औषध थांबलं की उरलेसुरले पुन्हा वाढतात. तेव्हापासून औषध चालू असताना आलेल्या शून्यावर मी विश्वास ठेवत नाही. शून्य औषध थांबल्यानंतरचं हवं.

मधली वर्षं वाट बघण्यात गेली, आणि त्या वर्षांत मला जितके उपाय सुचवले गेले तितके बहुधा विषाणूचे प्रकार नसतील. रस, काढे, भस्मं, चुंबकं, परदेशी बुरशीच्या कॅप्सूल. माझ्या जाऊबाईंनी एका गृहस्थांचा पत्ता आणला होता, 'लिव्हर मुळापासून साफ' करणारे. मी फोन केला. विचारलं, "तुमच्याकडे आधीचा आणि औषध थांबवून तीन महिन्यांनंतरचा व्हायरल लोड, असे दोन्ही अहवाल असलेले किती रुग्ण आहेत?" ते म्हणाले, "आमचे रुग्ण अहवालासाठी येत नाहीत, बरे व्हायला येतात." वाक्य छानच होतं, पण मी फोन ठेवला. बरे झालेल्यांची उदाहरणं त्यांच्याकडे खरोखर असतीलही. आता तो तीस टक्क्यांचा आकडा आठवा. लागण नवी असताना शंभर जणांना साखरपाणी दिलं तरी तीसजण 'बरे' होतील, आणि ते तीसजण शपथेवर सांगतील. त्यात काही वनस्पतिजन्य मिश्रणांनी यकृतालाच इजा होते, हे यकृताच्या डॉक्टरांना रोजचं आहे.

एवढी वर्षं औषध का निघत नव्हतं, हा प्रश्न मी तेव्हा डॉक्टरांना वैतागून विचारायची. कारण फार साधं निघालं: हा विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. ज्याला काचेच्या भांड्यात वाढवता येत नाही त्याच्यावर औषध पारखणार कसं? १९९९ मध्ये जर्मनीत राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने विषाणूच्या जनुकीय साहित्याचा एक भाग पेशींमध्ये स्वतःची नक्कल काढत राहील अशी सोय केली. त्यानंतर कंपन्यांना हजारो रसायनं तपासता येऊ लागली. मायकेल सोफिया यांच्या गटाने सोफोसबुविर बनवलं. त्यांच्या आडनावावरून त्याचं नाव पडलं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वेलपाटासविरबरोबरची ही एकत्र गोळी आली जून २०१६ मध्ये. किमतीवरून जगभर जी भांडणं झाली तो वेगळा आणि कडू विषय आहे, इथे नको.

गोळी काम कसं करते ते मला समजलं तसं लिहिते. विषाणूचं सगळं जनुकीय साहित्य आरएनएचं. यकृताच्या पेशीत शिरून तो स्वतःची नक्कल काढतो, एकेक अक्षर जोडत. अक्षरं जोडणारं विकर (एन्झाइम) त्याचं स्वतःचं असतं. सोफोसबुविर पेशीत गेलं की त्याचं रूप बदलतं आणि ते त्या अक्षरांपैकी एकासारखं दिसू लागतं. विकर ते उचलून जोडतं आणि तिथेच अडकतं, पुढचं अक्षर जोडलंच जात नाही. वेलपाटासविर विषाणूच्या दुसऱ्याच एका प्रथिनाला पकडतं, ज्याच्याशिवाय नकला काढण्याची आणि नवे विषाणू बांधण्याची जागा उभी राहत नाही. दोन औषधं कशाला? तर हा विषाणू नकला काढताना भरमसाट चुका करतो आणि त्या दुरुस्त करायची त्याच्याकडे सोय नाही. अंगात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होत असतात. त्यात एका औषधाला दाद न देणारा एखादा चुकून निघतोच. दोन वेगळ्या ठिकाणी एकाच वेळी धरलं की अशी चूक पथ्यावर पडण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

आता प्रत्यक्ष वापर. बाटलीत २८ गोळ्या, अशा तीन बाटल्या. गोळी कडू आहे, चावू नका. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही, पण वेळ एकच ठेवावी. बरोबरचा कागद मी पहिल्याच रात्री पूर्ण वाचला, भिंग घेऊन, आणि तुम्हीही वाचा असं सांगेन, कारण घोळ होण्याच्या जागा सगळ्या तिथे आहेत. वेलपाटासविर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. म्हणजे ॲसिडिटीची औषधं आडवी येतात: साधं अँटासिड घेतलं तर चार तासांचं अंतर हवं, आणि ओमेप्राझोलसारखी गोळी शक्यतो नकोच, लागलीच तर ही गोळी जेवणाबरोबर आणि ओमेप्राझोल त्यानंतर चार तासांनी. ह्यांना सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवय, आणि आमच्या दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात. मी पहिल्या दिवशी डबा वेगळा केला. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं या गोळीचं रक्तातलं प्रमाण पार खाली आणतात. हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठी अमिओडॅरोन चालू असेल तर ठोके धोकादायक रीतीने मंदावू शकतात. एखादी गोळी राहिली आणि अठरा तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्यायची. त्याहून उशीर झाला तर सोडून द्यायची, दुप्पट घ्यायची नाही. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यायची.

एक तपासणी मात्र गोळी सुरू करण्याआधीच झाली पाहिजे आणि ती राहून गेली तर जिवावर बेतू शकतं. हिपॅटायटिस-बी आहे का, किंवा पूर्वी होऊन गेला आहे का, हे बघायला हवं. दोन्ही विषाणू असले तर सी हा बी ला दाबून ठेवतो. सी झपाट्याने गेला की बी डोकं वर काढतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा २४ रुग्णांची नोंद जाहीर केली. त्यात दोघे दगावले आणि एकाचं यकृत बदलावं लागलं. तेव्हापासून या गटातल्या सगळ्या औषधांवर चौकटीतला इशारा असतो. माझी ती तपासणी डॉक्टरांनी न विचारता लिहून दिली, याचे गुण मी डॉक्टरांना देते.

दुष्परिणाम? डोकं दुखलं, पहिले आठ-दहा दिवस. थोडा थकवा. पण इंटरफेरॉन पचवलेल्या बाईला याला त्रास म्हणवत नाही. आणि खरं सांगायचं तर ती डोकेदुखी गोळीची होती की माझ्या काळजीची, तेही ठरवता येणार नाही. अस्ट्राल-१ नावाची जी मुख्य चाचणी झाली, तिच्यात ६२४ जणांना ही गोळी दिली आणि ११६ जणांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. डोकेदुखी आणि थकव्याच्या तक्रारी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच होत्या! विषाणू मात्र खऱ्या गोळीच्या गटात ९९ टक्के लोकांचा गेला, आणि पोकळ गोळीवाल्यांत एकाचाही गेला नाही. असा निर्भेळ आकडा मी नोकरीत बघितला असता तर संशय घेतला असता. इथे घेतला नाही, कारण त्या चाचणीत माझ्यासारखे, आधीच्या औषधाने हरलेले लोकही होते आणि सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते घट्ट होणं) झालेलेही. जीनोटाइप ३ ची चाचणी वेगळी झाली आणि तिथे यश ९५ टक्के आलं, हेही त्यांनी लपवलं नाही. ज्यांचं यकृत अगदी निकामी व्हायला आलं आहे त्यांना सोबत रिबाविरिन द्यावं लागतं, तिथे ९४.

चौथ्या आठवड्यात तपासलं तर विषाणू आढळला नाही. मुलीचा फोन, "आई, गेला की!" मी म्हटलं, थांब. बारा आठवडे झाले, शेवटच्या दिवशीही आढळला नाही. जाऊबाईंनी विचारलं, आता तरी सांगायचं का सगळ्यांना? मी म्हटलं, अजून बारा आठवडे.

कारण खरी कसोटी तिथे आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी रक्तात आरएनए आढळला नाही तर त्याला 'एसव्हीआर-१२' म्हणतात आणि आजार बरा झाला असं धरतात. पूर्वी यासाठी २४ आठवडे थांबत. नंतर लक्षात आलं की परत यायचा असेल तर तो बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच येतो. बारा आठवड्यांनी शून्य असलेल्यांत तोच विषाणू पुढे परतण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. माझ्यासारख्या माणसाला या औषधात सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर हे. गोळी सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं की दावा खोटा ठरायचा असेल तर कोणत्या दिवशी आणि कोणत्या चाचणीने ठरेल. ज्यांनी आपल्या उपायाला अशी तारीख लावून घेतली आहे त्यांच्याशीच मी आता बोलते. ते बारा आठवडे मात्र गोळीच्या बारांपेक्षा लांब होते, त्याबद्दल कागदात काही लिहिलेलं नाही.

अहवाल आला. 'आढळला नाही.' त्यानंतरच्या वर्षाच्या तपासणीतही तेच.

तपासणीच्या रांगेत नेहमी भेटणारे एक काका आहेत, त्यांना हिपॅटायटिस-बी. माझा अहवाल ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला, मग हळूच म्हणाले, "ताई, आमच्या बी ला कधी हो निघणार अशी गोळी?" मला उत्तर द्यायला जड गेलं. दोघांचा मुक्काम यकृतातच, दोघेही सिरोसिस आणि कर्करोगापर्यंत नेणारे. पण सी चं सगळं बिऱ्हाड पेशीच्या बाहेरच्या खोलीत असतं. तो आपली कसलीही कायमची प्रत पेशीच्या केंद्रकात ठेवत नाही. नकला थांबल्या की जुने विषाणू झिजून संपतात, आणि मागे काही उरत नाही. बी मात्र केंद्रकात आपल्या डीएनएची गोल कडी ठेवून देतो. रोजच्या गोळीने तो दबतो, काकांचा व्हायरल लोड वर्षानुवर्षं शून्यच आहे, पण गोळी सोडली की त्या कडीवरून पुन्हा नकला सुरू होऊ शकतात. एचआयव्ही तर आपलं साहित्य माणसाच्या डीएनएतच शिवून टाकतो. तिथे कायमचे बरे झालेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पहिले टिमथी रे ब्राउन. त्यांचं बरं होणंही रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये केलेल्या मूलपेशी प्रत्यारोपणामुळे. दात्याच्या पेशींत सीसीआर-५ नावाचं, विषाणूला आत शिरायला लागणारं दार जन्मतःच नव्हतं. असा उपाय लाखो लोकांना करता येत नाही. तेव्हा 'सी ला निघाली, मग बाकीच्यांना का नाही' असं जे लोक चिडून विचारतात, त्यांना मी एवढंच सांगते की आजाराचं मूळ कुठे आहे त्यावर सगळं आहे. सिकलसेलमध्ये, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारात, मूळ रुग्णाच्या स्वतःच्या जनुकात आहे. तिथे २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाचा उपचार मान्य झाला, पण त्यासाठी रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, बदलून, परत घालण्याआधी त्याची अस्थिमज्जा जबर केमोथेरपीने रिकामी करावी लागते. रोज एक गोळी आणि तो उपचार यांना एकाच वाक्यात बसवणाऱ्या बातम्या वाचल्या की मला राग येतो. काकांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कडी तोडणारं काहीतरी पाहिजे." अगदी बरोबर! त्यावरच काम चालू आहे.

आता या गोळीने काय होत नाही ते. एक, यकृताची झालेली झीज ती भरून काढत नाही. विषाणू गेल्यावर यकृत स्वतःहून थोडंफार सावरतं. माझ्या फायब्रोस्कॅनचा (यकृताचा घट्टपणा मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा उतरला आहे. पण ज्यांचं प्रकरण सिरोसिसपर्यंत गेलं आहे त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाचा धोका खूप कमी झाला तरी शून्य होत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवावी लागते. बरे झालो म्हणून ती बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. दोन, पुन्हा लागण होऊ शकते. एकदा होऊन गेला म्हणून संरक्षण मिळत नाही, आणि लस अजून नाही. सुया, वस्तरे, निर्जंतुक न केलेली हत्यारं यांची सावधगिरी आधी होती तेवढीच. तीन, आजाराआधीचा माणूस ती परत आणत नाही. थकवा बराच गेला, सगळा नाही. त्यात वयाचा वाटा किती हे कोण सांगणार.

याच रोगावर आठ आठवड्यांचं दुसरं औषधही आहे, ग्लेकाप्रेविर-पिब्रेन्टासविर, २०१७ मध्ये आलेलं. मुदत कमी, पण एका वेळी तीन गोळ्या आणि त्या जेवणाबरोबरच. शिवाय यकृत निकामी होत आलेल्यांना ते चालत नाही. मी वापरलेलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा मी गोळीचा कापलेला नाही, पोहोचण्याचा कापला आहे. २०२२ साली जगात सुमारे पाच कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू होता आणि त्यातल्या जेमतेम ३६ टक्के लोकांना ते ठाऊक होतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतकं चोख औषध हाताशी असूनही त्याच एका वर्षात अडीच लाखांच्या आसपास माणसं या आजाराने गेली. औषध शोधणाऱ्यांनी आपलं काम केलं. रक्ताची एक चाचणी लोकांपर्यंत नेणं तेवढं राहिलं. ज्यांना पूर्वी रक्त चढवलं आहे, डायलिसिस झालं आहे, किंवा जिथेतिथे इंजेक्शनं घेण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी लक्षणांची वाट बघू नये. मला लक्षण असं काही नव्हतंच.

शेवटी एक कामाची गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. अँटीबॉडीची चाचणी बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच येते, कारण ती विषाणू आहे का ते बघत नाही, कधी येऊन गेला होता का ते बघते. त्यामुळे रक्तदान आता नाही. आणि कुठेही नव्याने तपासणी झाली की गोंधळ उडतो. एका ठिकाणी माझा कागद बघून तिथल्या मुलीने खुर्ची मागे सरकवली आणि विम्याच्या अर्जावर 'चालू आजार' असं लिहूनही टाकलं. मी पिशवीतून आरएनएचा अहवाल काढून तिच्यासमोर ठेवला, तारखेखाली बोट ठेवून, आणि ती ओळ खोडून शेजारी सही करायला लावली. तेव्हा तो अहवाल नीट जपा, दोन प्रती काढा, एक पिशवीत ठेवा. अँटीबॉडी पॉझिटिव्ह दिसली म्हणून कुणी पुन्हा औषध लिहायला घेतलं तर आधी आरएनए करा म्हणावं.